निळी गाडी, सीमेअलीकडे

गाडी आणायला जाताना आल्वार आपला काळा कोट घालणार होता. ऑक्टोबरात तोक्सफोर्सच्या त्याच्या स्वयंपाकघरात बसून दोघांनी गाडी नोंदवली, तेव्हाच हे ठरलं होतं. तो कोट त्याने शेवटचा घातला होता भावाच्या दफनाला, म्हणून योरूनला हसू आलं. तर तो म्हणाला, "म्हणूनच. एकदा तरी त्या कोटाला चांगल्या कामाला बाहेर काढू."

आणि फेब्रुवारीत गाडी आली तेव्हा कोट कपाटातच होता. आल्वार स्वीडनमध्ये, योरून नॉर्वेत, आणि मधे वीस मिनिटांचा रस्ता. जानेवारीच्या अखेरीस साथीपायी दोन्ही देशांनी एकाच आठवड्यात एकमेकांना दारं लावून घेतली होती. योरूनच्या ओर्ये गावातल्या लोकांनी आजवर सीमा कधी मनावरच घेतली नव्हती. शनिवारी पलीकडे जायचं, स्वस्त बेकन आणि गोळ्याबिस्किटं डिकीत भरायची, परत यायचं. सीमा म्हणजे वाटेतलं जकात नाकं, तिथे हात हलवायचा, बस. आता तिथे सैनिक उभे होते.

योरून एकोणसाठ वर्षांची, नगरपालिकेची घरोघर जाणारी नर्स. रोज बारा-चौदा घरं, म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या, इंजेक्शनं, पायांची बँडेजं. नवरा सतरा वर्षांपूर्वी दुसरीचा हात धरून बर्गनला निघून गेला. त्याची आता आठवणही खुपत नसे. आल्वार तिला भेटला तोही बेकनपायीच. तीन वर्षांपूर्वी तोक्सफोर्सच्या बाजाराबाहेर तिची डिझेलची जुनी गाडी चालू होईना, आणि ट्रॉली ढकलत जाणारा एक उंच माणूस थांबला आणि बॉनेट उघडून आत डोकावला. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस तो. शेवटी म्हणाला, "हिला आता औषध नको, धीर द्या." दोन तासांनी गाडी चालू झाली, आणि त्यानंतरच्या शनिवारी योरून बेकनचं काही काम नसताना तोक्सफोर्सला गेली.

तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी ती जायची आणि रविवारी परतायची. लग्नाचा विषय निघाला नाही. त्याला गॅरेज सोडवेना, तिला आपले म्हातारे. वीस मिनिटांसाठी कशाला कोणी घर हलवायचं?

डिझेलच्या गाडीने शेवटी नोव्हेंबरात मान टाकली, आणि विजेच्या नव्या गाडीची वाट बघत योरून हिवाळाभर कामावरच्या गाडीतून फिरली. विजेच्या गाडीला आल्वारचा आधी विरोध होता. दुरुस्त करायला काही नाही अशा वस्तूवर जीव कसा लावायचा, असं त्याचं म्हणणं. पण दोघांनी मिळून उन्हाळ्यात वरती लोफोतेन बेटांपर्यंत जायचं ठरवलं होतं, आणि आवाजाविना समुद्राकाठून जाण्याची कल्पना त्यालाही आवडली. रंगावरून आठवडाभर भांडण झालं. त्याला हिरवी हवी होती. निळी ठरली.

आस्किमला गाडी घ्यायला तिला शेजारच्या ओत्तारने सोडलं. ओत्तार चौऱ्याहत्तर वर्षांचा, निवृत्त लाकूडतोड्या. तिला मागच्या सीटवर बसवलं, दोघांच्या तोंडावर मास्क, आणि बाहेर उणे बारा असताना गाडीच्या चारही खिडक्या उघड्या.

"नर्सला घेऊन चाललोय," तो पुढून ओरडून म्हणाला, "तूच मला रोग देशील."

"मला रोज नाकात काडी घालून तपासतात. तुम्हीच सांभाळा."

"बरं, त्या स्वीडनवाल्याचं काय झालं? त्याला सोडून गाडीशीच संसार मांडतेस की काय?"

योरून म्हणाली, गाडी निदान सीमेच्या अलीकडची आहे. ओत्तार हसला, पण आस्किमच्या वळणावर म्हणाला की सोडणं वगैरे तो आपला गंमत म्हणून बोलला.

गाड्या एका बंद पडलेल्या फर्निचरच्या गोदामासमोर लावलेल्या होत्या. चाळीस-पन्नास असतील, सगळ्यांच्या टपांवर सारखाच बर्फ. माणूस कोणी नाही. फोनवर आलेल्या पत्रात लिहिलं होतं तसंच: जागा क्रमांक सत्तेचाळीस, गाडी फोनने उघडेल, कागद आत आहेत, काही अडलं तर या नंबरवर बोला, कोणाच्याही संपर्कात येण्याची गरज नाही. ते शेवटचं वाक्य कंपनीने सोय म्हणून लिहिलं होतं. योरूनने ते पुन्हा एकदा वाचलं आणि फोन खाली केला.

तिच्या लहानपणी वडिलांनी गाडी घेतली तेव्हा विक्रेत्याने सगळ्या कुटुंबाला दुकानात बसवून कॉफी दिली होती, आईच्या हातात फुलं दिली होती, आणि किल्ली वडिलांच्या तळहातावर ठेवून वर आपला दुसरा हात दाबला होता. वडील परतीच्या वाटेवर तोच हात स्टिअरिंगवर असा काही धरून बसले होते की आई म्हणाली, आता धुणार नाहीस वाटतं तो.

गोदामाच्या काचेमागे पिवळ्या जाकिटातला एक माणूस दिसला. त्याने हात हलवला. तिनेही हलवला. मग त्याने टेबलावरचा एक कागद उचलून काचेला लावला. जाड पेनाने लिहिलं होतं: अभिनंदन. बहुधा सकाळपासून तो हाच कागद सगळ्यांना दाखवत असावा. योरूनने मान झुकवली आणि निळ्या गाडीकडे वळली.

फोन जवळ नेल्यावर दाराची मूठ आपणहून बाहेर आली. आत प्लास्टिकचा वास. सीटवर लिफाफा आणि जंतुनाशक पुसण्यांचं पाकीट. ती बसली, दार लावलं, आणि मग काय करायचं हे तिला कळेना. किल्ली फिरवायला जागा नव्हती, चालू करायला बटण नव्हतं. तिने आल्वारला फोन लावला.

आल्वारने ते तीनशे पानांचं माहितीपुस्तक अख्खं वाचून काढलं होतं. घरात बसून दुसरं करायला काय होतं त्याला? डावीकडचा दांडा खाली, तो म्हणाला; ब्रेकवर पाय आहे ना; आता पडद्यावर हिरवं अक्षर येईल. आलं? मग ती चालूच आहे.

"चालू आहे? काही ऐकू येत नाही."

"तेच तर मी तुला सांगत होतो."

ती गोदामाच्या आवाराला एक फेरी मारून आली. कशी आहे, त्याने विचारलं. ती म्हणाली, "रूली." नॉर्वेत त्या शब्दाचा अर्थ शांत. स्वीडनमध्ये तोच शब्द मजेशीर या अर्थाने चालतो, आणि तीन वर्षांत हा घोटाळा शंभरदा झाला असेल. आल्वार म्हणाला, मजेशीर असेल तर चांगलंच आहे, आणि तिने त्याला दुरुस्त केलं नाही. मग तिने त्याच्या सांगण्यावरून त्यालाही गाडीची किल्ली दिली. म्हणजे पडद्यावर त्याचं नाव घातलं आणि होय म्हटलं. तोक्सफोर्सच्या स्वयंपाकघरात त्याच्या फोनवर निळ्या गाडीचं चित्र आलं. त्याने ते बोटांनी मोठं करून पाहिलं. मग म्हणाला, "हिरवी जास्त शोभली असती."

त्यानंतरच्या सोमवारी ती सकाळी पावणेसातला अंगणात आली. रात्रभर उणे सतरा होतं. ओत्तारची गाडी बर्फाने मढलेली, रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या तशाच. हिची काच स्वच्छ, टपावरून पाणी ठिबकतंय. दार उघडलं तर आतून ऊब अंगावर आली. तिला वाटलं, आपणच काहीतरी चालू ठेवून विसरलो. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी तिने हात फिरवून पाहिलं तर तिची सीटही गरम होती आणि शेजारचीही. तिने मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या मुलीने नोंदी पाहून सांगितलं की बिघाड काही नाही. रोज सहा वीसला कोणीतरी किल्लीवाल्याने गाडी तापवायला लावलेली आहे.

योरूनने तिथेच, अंगणातल्या गाडीत बसून आल्वारला फोन केला.

"तू करतोस हे?"

"तू त्या खरवडणीने काचा खरवडत उभी राहतेस. तीन हिवाळे पाहिलंय मी. हातमोजे कधी सापडत नाहीत तुला."

"आणि शेजारची सीट कशाला?"

"ती माझी आहे," आल्वार म्हणाला. "गार का ठेवू?"

त्या दिवशी पहिल्या घरी पोचायला तिला दहा मिनिटं उशीर झाला.

दिवसभर ती माणसांना हात लावत असे, पण हातमोज्यांतून. म्हाताऱ्यांचे खांदे, दंड, पावलं. सगळं रबराच्या पलीकडे. तिला स्वतःला मात्र जानेवारीपासून कोणी हात लावला नव्हता. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. पण रोज सकाळी कामाला निघण्याआधी ती त्या शेजारच्या सीटवर उघडा तळहात टेकवून मिनिटभर बसायला लागली. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाई काहीतरी शोधतेय.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी दोघं भेटले. मुख्य रस्त्यावर नाही. जंगलातून लाकडं वाहायचा एक कच्चा रस्ता सीमा ओलांडून जातो, तिथे. तिथे दोन्ही देशांनी झाडं तोडून दहा मीटरची मोकळी पट्टी राखलेली आहे आणि मधे दगडांचा पिवळा रंगवलेला ढीग. रस्त्यावर सिमेंटचे ठोकळे आणून टाकले होते. अलीकडे पहाऱ्यावर होमगार्डची एक बाई होती, एरवी दाताच्या दवाखान्यात काम करणारी. तिने सांगितलं की बोला हवं तितकं, पण ठोकळ्यांच्या पुढे कोणी यायचं नाही आणि वस्तू द्यायच्या-घ्यायच्या नाहीत. एवढं बोलून ती लांब जाऊन झाडांकडे बघत उभी राहिली.

आल्वार पलीकडून चालत आला. काळा कोट घालून. कोट अंगावर लोंबत होता. हिवाळ्यात तो बराच उतरला होता, आणि हे त्याने फोनवर सांगितलं नव्हतं. योरूनच्या नजरेने ते पहिल्या क्षणी टिपलं. जेवतोस का, तिने विचारलं. जेवतो, तो म्हणाला, पण एकट्याच्या बटाट्यांना चव नसते.

त्याने पिशवीतून दोन बन काढले, क्रीम आणि बदामाचा गोळा भरलेले, ईस्टरआधीचे उपास सुरू होण्यापूर्वी तिकडे खातात ते. सण उलटून महिना होत आला होता, पण त्याने मुद्दाम घरी केले होते. द्यायची तर सोय नव्हती. मग त्याने आपला खाल्ला, आणि दुसराही खाल्ला, तिच्याकडे बघत, सावकाश. तिने त्याला शेवटचा घास होईपर्यंत पाहिलं. त्याच्या मिशीला क्रीम लागलं होतं. तेरा पावलांवर. तिने ती पावलं नजरेने मोजली होती.

मग त्याला गाडी बघायची होती. तिने ती ठोकळ्यांपर्यंत आणली, पुढे-मागे केली, दारं उघडली, दिवे लावले. त्याने तिला बॉनेट उघडायला सांगितलं. आत इंजिनाच्या जागी नुसता एक प्लास्टिकचा खण होता. आल्वारने मान वाकडी करून लांबून त्याच्यात पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं, जसं दुसऱ्याच्या रिकाम्या घरात पाहावं तसं.

"तिथे आता काय ठेवतेस?" त्याने विचारलं.

"बँडेजं."

तो हसला. ती हसायला लागली आणि मग तिला थांबवेना, आणि ते हसणं राहिलं नाही. आल्वार एक पाऊल पुढे आला. दाताच्या दवाखान्यातली बाई वळली. तो तिथेच थांबला, हात कोटाच्या खिशात घालून.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला. गावातल्या कालव्याच्या दरवाजांवरून पाणी धो-धो वाहायला लागलं, लोक अंगणात खुर्च्या काढून बसले. सकाळी पाच-सहा अंश असायचं. गाडी तापवायचं आता कारण उरलं नाही, आणि ज्या सकाळी योरूनला सीट थंड लागली त्या सकाळी तिला सगळ्या गावाच्या आनंदाचा राग आला. आल्वारला ती काही बोलली नाही. काय बोलणार, हिवाळा परत आण?

त्या दिवशी ती मोलफ्रिदबाईंकडे गेली. मोलफ्रिदबाई ब्याण्णव वर्षांच्या, पायाला भरून न येणारी जखम. त्यांचे यजमान देवमासे मारणाऱ्या जहाजावर असत, अकरा-अकरा महिने दक्षिणेकडे. बँडेज बदलताना योरूनने कसं कोण जाणे, त्यांना सगळं सांगितलं. आता स्वीडनने नॉर्वेवाल्यांना दार उघडलं होतं, ताजी चाचणी दाखवून जाता आलं असतं. अडचण परत येण्याची. परत आलं की दहा दिवस कोंडून घ्यायचं, आधी हॉटेलात, मग घरी. म्हणजे वर्षाची सगळी रजा संपणार. आणि गाव म्हणणार, नर्स असून मजा मारायला पलीकडे गेली.

मोलफ्रिदबाई पाय पुढे धरून ऐकत होत्या.

"मी सोळा वर्षं वाट पाहिली," त्या म्हणाल्या. "अकरा महिने वाट बघायची, एक महिना भांडायचं. लोक म्हणायचे, किती सोशिक बाई. मग तो आला कायमचा, तेव्हा त्याला माझी सवय नव्हती, मला त्याची. तू जा. बँडेज ती दुसरी मुलगी करेल. घट्ट बांधते, पण करते."

मेच्या मधल्या आठवड्यात योरून निघाली. जकात नाक्यावरच्या माणसाने कागद पाहिले आणि म्हणाला की जाणं सोपं आहे, ताई, येणं अवघड; माहीत आहे ना? तिने माहीत असल्याचं सांगितलं.

आल्वार अंगणात उभा होता. गाडी थांबली, ती उतरली, आणि दोघंही दोन मीटरवर थांबले. सवयीने. वर्षभर सगळ्या जगाशी तसंच उभं राहिल्यावर पायांना तेवढंच अंतर ठाऊक झालं होतं. तिने त्याला विचारलं, लस घेतलीस ना. तो म्हणाला, एक. ती म्हणाली, माझ्या दोन झाल्या. शेवटी तोच पुढे आला आणि तिचा हात हातात घेतला. हात खरखरीत होता, बोटांच्या भेगांतलं जुनं काळं तेल तसंच. योरूनने त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. कोपराच्या वरपर्यंत तिला शहारा आला. आता हातमोजे नव्हते.

लोफोतेनला जायला वेळ नव्हता. नऊ दिवस होते. ते वेनर्न सरोवराच्या काठाने गेले, दोन रात्री एका लाकडी झोपडीत राहिले. परतताना एका पेट्रोल पंपामागे गाडी चार्जिंगला लावली, तेव्हा पडद्यावर चाळीस मिनिटं दाखवली. आल्वार आयुष्यभर टाकी तीन मिनिटांत भरणारा माणूस. तो सुरुवातीला चुळबुळला. मग त्यांनी थर्मासमधली कॉफी काढली. समोर एका शेतात सारस उतरले होते. तो बोलायला लागला, त्याच्या आईबद्दल, जिच्याबद्दल तो कधी बोलत नसे. हिवाळ्यात एकटं बसून तिची फार आठवण यायची, म्हणाला. योरून ऐकत राहिली. चाळीसची एकतीस झाली, बावीस झाली. त्याला सांगायचं होतं ते संपत आलं होतं की नाही, कळत नव्हतं, पण आकडा कमी होताना पाहून तिला वाटलं की या खांबाची वीज आज जरा मंद वाहिली तर कोणाचं काय बिघडणार आहे.

परत आल्यावर तिने दहा दिवस कोंडून घेतलं. गाव बोललं थोडं. ओत्तारने तिच्या पायरीवर बटाटे आणून ठेवले आणि खिडकीतून विचारलं, झाली का मजा. ती म्हणाली, झाली.

जुलैत सीमा उघडली आणि सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. शुक्रवारी जायचं, रविवारी परतायचं. आल्वारचं वजन भरलं. लोकांना वाटलं, आता दोघं एका घरात राहतील. तसं झालं नाही. त्याचं गॅरेज, तिचे म्हातारे. शिवाय इतक्या वर्षांनी कपाटं कुठे हलवायची. फक्त वीस मिनिटं आता दोघांनाही वीस मिनिटं वाटत नव्हती.

ऑगस्टातल्या एका रविवारी ती निघत असताना आल्वारने खिडकीवर हात ठेवला आणि म्हणाला की एक गोष्ट त्याला या गाडीची आवडत नाही. डिझेलची गाडी होती तेव्हा ती अंगणातून निघाली की चर्चच्या वळणापर्यंत आवाज यायचा, आणि वारा तिकडून असेल तर पुढच्या चढावरही. तो तिथेच उभा राहायचा, आवाज संपेपर्यंत. तिला हे कधी माहीत नव्हतं. आता ती कुंपणाआड गेली की गेली, तो म्हणाला; त्यानंतर काहीच नाही.

"मग वळणावर हॉर्न देऊ का?"

"रविवारी? शेजारी काय म्हणतील?"

ती निघाली. कुंपण मागे पडलं, मग डेअरीचं पत्र्याचं छप्पर, मग चर्च. वळणावर तिने वेग कमी केला, मागे कोणी नाही असं पाहिलं, आणि अगदी थोडा, एकदाच, हॉर्न दाबला. मग खिडकी खाली करून तिथेच थांबली. कुत्रं भुंकलं कुठेतरी. बाकी गवत, ऊन, आणि गाडीची ती शांतता. उत्तर यायचं नव्हतंच. तरी थोडा वेळ ती ऐकत बसली.